सहावा खंड अजून उघडाच आहे

फुलचंदशेठ, तुमचा सहावा खंड माझ्या देवघरासमोरच्या चौरंगावर अजून उघडाच आहे. शेवटचे पान वर, लाल रुमाल खाली पसरलेला, रुमालाची चारही टोके मोकळी. रोज पूजा आटोपली की मी पानावरची धूळ मऊ फडक्याने टिपतो आणि ग्रंथ होता तसाच ठेवतो. हा ग्रंथ म्हणजे पोथी नव्हे, हे मी जाणतो. परदेशातल्या एका बाईने मुलांसाठी रचलेली ती अद्भुत कथा. तरीही तो बांधावा कसा, हे मला उमगत नाही. आयुष्यभर लोक मला अशा गोष्टी विचारत आले आणि मी सांगत आलो. आता मलाच विचारायचे आहे, आणि ज्याला विचारावे तो माणूस राहिला नाही.

मी तुमच्या दुकानात प्रथम बसलो तो पोथीच्या रुमालासाठी. जुना रुमाल विरला होता, लाल कापड हवे होते. तुम्ही गादीवर मांडी घालून, मांडीवर कापड मोजायचा गज आडवा टाकून, त्यावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेकवून बसला होता. मी आलेला तुम्हाला कळलेच नाही. इतका तल्लीन व्यापारी मी जुन्नरच्या बाजारात तोवर पाहिला नव्हता.

"कोणता ग्रंथ म्हणायचा, शेठ?"

"ग्रंथ कसला गुरुजी, नातीचं पुस्तक हाय. नेहा दिवाळीला पुण्यावरनं आली व्हती, इसरून गेली. म्हटलं, बघावं तरी पोरं काय वाचत्यात. आता माझंच गिऱ्हाइकाकडं लक्ष नाय, राव!"

आणि कापड फाडता फाडता तुम्ही मला सांगू लागलात. एक देश आहे. त्या देशाला डोंगराचा वेढा आणि डोंगरात सात खिंडी. प्रत्येक खिंडीत एक दीप होता, ते सगळे विझले आहेत, म्हणून त्या देशात सूर्य दरवर्षी थोडा अधिक उशिरा उगवतो. एक धनगराची पोरगी आणि एक म्हातारा दीपपाल ते दीप पुन्हा लावायला निघतात. एकेका खंडात एकेक खिंड. लेखिकेने ठेवलेली नावे माझ्या जिभेवर बसत नव्हती. तुम्ही म्हणालात, "मग आपण त्यांना पोरगी आन् म्हातारा म्हणू. आपलं काय अडतंय?" त्या दोघांना पुढे दहा वर्षे दुसरे नाव मिळाले नाही.

शेठ, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. चाळीस वर्षे मी व्यासपीठावर बसून पुराण सांगितले. लोक ऐकत, पेंगत, हात जोडत, नारळ ठेवून जात. मला मात्र कोणी कधी काही सांगितले नाही. शास्त्र्याला काय सांगायचे, असे लोकांना वाटत असावे. तुमच्या दुकानात दुपारी तीन वाजता, कापडाच्या थानांच्या वासात, मी आयुष्यात प्रथमच श्रोता झालो. पुढे काय होणार हे ठाऊक नसण्याचे सुख मला तुम्ही दिले. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले.

पहिल्याच आठवड्यातली ती गंमत. पोरगी अंधारात विहिरीत पडते, तिथवर तुम्ही आला होता. एवढ्यात मढ गावच्या एक आजीबाई लुगडे पाहायला आल्या. तुम्ही पुस्तक मिटू लागलात आणि मी तुमचा हात धरला. आमच्या पुराणात एक रीत आहे: वध, वियोग, शोक अशा जागी वाचन थांबवायचे नाही. काहीतरी शुभ येईपर्यंत चार ओळी पुढे वाचायच्या आणि मगच पोथी बांधायची. श्रोत्याने घरी जाताना मनात अमंगल घेऊन जाऊ नये, एवढाच त्यातला भाव. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलेत आणि आजीबाईंना म्हणालात, "मावशी, जरा दम धरा. पोरगी विहिरीत पडलीय, तिला वर तर काढू द्या!"

"अगं बया! कुणाची वो पोरगी? कंच्या गावची?" आजीबाई घाबरून उठल्याच.

"पुस्तकातली, मावशी, पुस्तकातली."

"मग काढा की लवकर! तुमची पोरगी वर येईस्तोवर माझी यष्टी जाईल!"

त्या मात्र गेल्या नाहीत. पोरगी दोराला धरून वर आली आणि मगच त्यांनी लुगडे पाहिले. पुढे बाजाराला आल्या की पायरीवरूनच विचारायच्या, "काय शेठ, त्या पोरीचं काय झालं?" आणि तुम्ही गिऱ्हाइके थांबवून सांगायचे.

त्या दिवसापासून ती रीत तुम्ही माझ्याहून कडकपणे पाळलीत. माझ्या रुमालाच्या थानातूनच हातभर लाल कापड फाडून तुम्ही त्या पुस्तकाला बांधलेत. सूर्यास्तापूर्वी तुमचे जेवण व्हायचे असे, त्यामुळे वेळ मोजका. पण म्हातारा आजारी असेल किंवा पोरगी रडत असेल, तर वरून सूनबाईंच्या हाका येत असतानाही तुम्ही उठत नव्हता. "शुभ अजून आलं नाय," एवढेच म्हणायचे. आणि तुमचे ते विनोद! पहिला दीप लागला तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बाईनं दिवा लावला खरा, पण त्याच्यावर किडे किती मरत्याल, ते काय लिहिलं नाय!"

चौथ्या खंडात धरणाखाली बुडालेले गाव आले. ते तुम्ही मनातच वाचलेत, मला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालात, "गुरुजी, डिंभ्याला येता का?" आपण एसटीने डिंभे धरणावर गेलो. उन्हाळा होता, पाणी उतरले होते. धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावात तुमच्या मावशीचे दुकान होते. लहानपणी सुट्टीत तुम्ही तिथे गूळ खात बसायचे. पाण्यातून वर आलेल्या दगडांच्या रांगांकडे बोट दाखवून तुम्ही काहीतरी अंदाज बांधत होता. शेवटी म्हणालात, "तिकडच्या बाईला हे कसं कळलं असंल?" परतीच्या एसटीची वाट पाहताना तुम्ही मला ते सगळे प्रकरण तोंडी सांगितलेत. बुडालेल्या गावातली माणसे होडीतून येऊन आपापल्या घरावर पाण्यात दिवे सोडतात, इथपर्यंत आलात आणि थांबलात. ते शुभ की अशुभ, हे त्या दिवशी आपण दोघांनीही ठरवले नाही.

मग सहावा खंड. तो यायला तीन वर्षे लागली आणि तेवढ्यात तुमच्या छातीने दगा दिला. कुरिअर आले तेव्हा तुम्ही दुकानावरच्या खोलीत होता, नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचे नळकांडे. नेहाने शिक्षणातून महिनाभर सवड काढली होती. थोडे तुम्ही वाचायचे, दम लागला की ती वाचायची. मी जिना चढून रोज तीनला येत असे.

तो खंड तुम्हाला आवडला नव्हता, हे मी मान्य करतो. शंभर पाने नुसते चालणेच. "ही बाई पानं भरती, गुरुजी. कापड मोजताना मी असं ताणलं असतं, तर गिऱ्हाईक परत आलं नसतं." पोरगी म्हाताऱ्याला उलट बोलू लागली, तेही तुम्हाला खपले नाही. "पंधराची झाली ना आता! आमची नेहा बी अशीच व्हती." नेहा म्हणाली, "आजोबा, मी कधी उलट बोलले?" तुम्ही म्हणालात, "हे काय चाललंय मग?" तिसरी खिंड पूर्वी नदीच्या पश्चिमेला होती, ती या खंडाच्या नकाशात पूर्वेला आली. तुम्ही तिसरा खंड मागवून, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून मला दाखवलेत. मी म्हणालो, "जुन्या ग्रंथांतही पाठभेद असतात, शेठ." तुम्ही नळी सावरत म्हणालात, "पाठभेद नाय, ही चूक हाय. मोठ्यांनी केली म्हणून चुकीचा पाठभेद व्हत नाय." तुमचे ते बोलणे ऐकून मला वाटले, माणूस बरा होतो आहे.

आणि मग ते प्रकरण आले. सहाव्या खिंडीत दीपाला तेल नाही. पोरगी भांडून पुढे गेलेली. म्हातारा एकटाच धुक्यात निघतो. त्याच्या छातीशी असलेल्या कंदिलाची ज्योत आणि त्याचा प्राण एकच, हे आपल्याला दुसऱ्या खंडापासून ठाऊक होते. पोरगी धापा टाकत परत येते तेव्हा दीप पेटलेला आहे, आणि खाली म्हाताऱ्याची घोंगडी नि काठी तेवढी पडली आहे.

नेहाने पुस्तक खाली ठेवले. तुम्ही तक्क्याला टेकून बसला होता. ते ओढून घेऊन तुम्ही तेच पान पुन्हा पाहिलेत आणि म्हणालात, "देह दाखवला नाय."

"म्हणजे?"

"घोंगडी दाखवली, काठी दाखवली. देह नाय दाखवला. देह नाय म्हंजे माणूस गेला नाय. सातव्यात येणार त्यो."

नेहाने दुसऱ्या दिवशी बाजारातल्या सायबर कॅफेतून जगभरच्या वाचकांचे तर्क छापून आणले. तुम्ही ती भेंडोळी माझ्यापुढे धरलीत. "बघा, हितं अमेरिकेतली एक पोर म्हणती, म्हातारा धुक्यात वाट चुकलाय फक्त. हितं एक मद्रासचा मास्तर बी तेच म्हणतो."

शेठ, इथे मी चुकलो. मी तुमच्याकडे पाहायला हवे होते, मी ग्रंथाकडे पाहिले. मी सरसावून बसलो आणि तुम्हाला सांगू लागलो की अशा तर्कांना प्रमाण लागते. ग्रंथाचे तात्पर्य त्याचा आरंभ आणि शेवट यांचा मेळ घालून ठरवतात, असे आमचे शास्त्र सांगते. पहिल्या खंडापासून लेखिकेने म्हाताऱ्याची ज्योत बारीक होत जाताना दाखवली आहे. त्याने पोरीला दीप लावण्याचा मंत्र आधीच दिला आहे. गुरू गेल्याखेरीज शिष्याचे डोळे उघडत नाहीत. आता तो परत आला तर सहाही खंडांतले त्याचे चालणे व्यर्थ जाईल. ही लेखिका तसे करणार नाही. एकेक मुद्दा मी बोटांवर मोजून मांडला. व्यासपीठावर मांडत असे, तसाच.

तुम्ही सगळे ऐकून घेतलेत. मग म्हणालात, "बरं. तुमी म्हणता तर गेला." आणि भिंतीकडे तोंड केलेत.

त्या दिवशी जिना उतरताना मला शास्त्रार्थ जिंकल्याचे समाधान होते. हे लिहिताना मान वर होत नाही. तुम्ही त्या म्हाताऱ्याविषयी बोलत नव्हता, एवढे ज्याला कळले नाही, त्याने चाळीस वर्षे लोकांना कशाचे मर्म सांगितले असेल?

शेवटचे पान नेहाने दोन दिवसांनी वाचले. पोरगी म्हाताऱ्याची काठी घेऊन एकटीच खिंड उतरते. पुढे धुके. सातवा दीप कुठे आहे हे म्हाताऱ्यालाच ठाऊक होते. खंड संपला. नेहा रुमालाची टोके गोळा करू लागली. तुम्ही तिच्या हातावर हात ठेवलात आणि माझ्याकडे पाहिलेत.

"हितं मिटायचं, गुरुजी?"

मी ते शेवटचे पान उलटून पाहिले.

"शुभ कुठाय?"

"पुढे पान नाही, शेठ."

"सातवा कधी गं?" तुम्ही नेहाला विचारलेत. तिने खाली मान घालून सांगितले, "पुढच्या वर्षी म्हणतात, आजोबा." तुम्ही हसलात. मग मला म्हणालात, "मग तुमीच सांगा पुढचं. जन्मभर सांगत आलाय. दोन वळी सांगा. तेवढ्यावर बांधू."

आणि मी म्हणालो, "कर्त्याने न लिहिलेले मी कसे सांगू? वक्त्याने पदरचे घालायचे नसते."

"लई कडक हो तुमी!" तुमच्या बोलण्यात राग नव्हता. तुम्ही नेहाला म्हणालात, "बांधू नको गं. उघडंच ऱ्हाऊ दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. मी कुकडीच्या काठी, स्मशानात आलो होतो. शेठ, देह मी पाहिला. तुमच्या तर्काला जी एक फट होती, ती मला उरली नाही.

उठावण्याच्या दिवशी, शोकसभेची मंडळी पांगल्यावर नेहा ग्रंथ दोन्ही हातांवर घेऊन माझ्याकडे आली. तसाच उघडा, शेवटच्या पानावर. "आजोबांनी बांधू दिला नाही. काय करायचं ते तुम्हालाच माहीत असणार, गुरुजी." मी तो घेतला. बाजारपेठेतून, मोटारसायकलींच्या गर्दीतून, उघडा ग्रंथ ताटासारखा धरून एक म्हातारा चालला आहे, हे लोक पाहत राहिले. मला काहीच माहीत नव्हते. तिला तसे सांगण्याचे धैर्यही झाले नाही.

गेल्या आठवड्यात माझे नित्याचे पारायण पूर्ण झाले. शेवटचा अध्याय संपला, आणि दरवेळी करतो तसे मी पोथीचे पहिले पान पुन्हा वर घेतले व आरंभाचा श्लोक म्हटला. पारायण संपले असे कधी म्हणायचे नाही. शेवट झाला की त्याच बैठकीत पुन्हा आरंभ करून ठेवायचा आणि मग पोथी बांधायची. लहानपणी वडिलांनी हाताला धरून शिकवलेली रीत. ती आम्ही पाळतो म्हणण्यापेक्षा हातच पाळतात. श्लोक म्हणून झाला आणि माझा हात पोथीवर तसाच राहिला.

पुढे पान नव्हते, हे खरे. पण मागे होते. पहिला खंड तुमच्या उशापासून चार हातांवर, कपाटात होता. पदरचे काही घालायला नको होते, शास्त्र मोडायला नको होते. नेहाने उठून तो आणला असता, पहिल्या दोन ओळी तुम्ही स्वतः वाचल्या असत्या, आणि तेवढ्यावर आपण रुमाल बांधला असता. ज्या आरंभाचा आधार घेऊन मी तुमच्या म्हाताऱ्याला मारले, तोच उघडून तुम्हाला द्यायचा होता. आधीचे पाचही खंड दीप उजळून आनंदात संपत, म्हणून ही दुसरी रीत तुम्हाला सांगण्याची वेळ कधी आली नाही. एकदाच आली, आणि जी गोष्ट माझे हात मनाला न विचारता करतात, ती त्या दुपारी मला आठवली नाही.

हे कोणाला सांगू? सांगून काय होणार?

काल दुकानात जाऊन तुमच्या चिरंजीवांकडून पहिला खंड मागून घेतला. निघालो तर पायरीवर मढच्या आजीबाई. पाठीतून पार वाकल्या आहेत. गादीकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "शेठ गेलं म्हनं. लई बोलका मानूस." मग थोडे थांबून, मला हळूच विचारले, "आन् त्या पोरीचं काय झालं, बुवा?"

"एकटी राहिली, आजी," मी म्हणालो. "वाट सापडायची आहे."

"आन् म्हातारा?"

मी पहिला खंड काखेत सावरला. त्याच मला म्हणाल्या, "येईल की. जातोय कुटं!" आणि काठी टेकत एसटीकडे गेल्या. तुम्हाला मी जे चार मुद्दे सांगितले, त्यांतला एकही मला त्या क्षणी आठवला नाही. देह दाखवलेला नाही, शेठ. तुमचे वाचन बरोबर होते. ग्रंथात लिहिलेले नाही ते मी गृहीत धरले, आणि पदरचे घालायचे नसते हेही वर तुम्हालाच सांगितले.

पर्युषण संपताना, दर संवत्सरीला तुम्ही माझ्या दाराशी येऊन हात जोडायचे, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचे. वर्षभरात काही दुखावले असेल तर क्षमा असावी. मी हसून म्हणायचो, "तुम्ही मला काय दुखावणार?" उलट हात जोडून तेच आपणही मागावे, हे मला एकाही वर्षी सुचले नाही. आज मागतो. तुमच्याच शब्दांत मागतो.

आता सहावा खंड समोर उघडा आहे आणि पहिला माझ्या हातात. माझे इंग्रजी कच्चे. पहिले वाक्य मी चार वेळा लावले, आणि माझ्या शुद्ध भाषेत ते काही केल्या उतरत नाही. कानात तुमचेच सांगणे बसले आहे. या वाचनाने रीत पुरी होते की वेळ टळल्यावर रीतीला अर्थ उरत नाही, हे मी सांगू शकत नाही. रुमाल बांधवेल की नाही, तेही नाही. इतकी वर्षे वक्ते तुम्ही होता. आज बैठक बदलली आहे. जिथे असाल तिथे जरा टेकून बसा, आणि ऐका.

"एक डोंगर व्हता. डोंगराच्या पल्याड सूर्य ऱ्हायचा आन् अल्याड एक पोरगी. सूर्याच्या आधी उठायचं, अशी त्या पोरीला लई खोड..."